बिनबँकेचा पैसा आणि बँकेचे दार

क्रिप्टोची खरेदी-विक्री करायची तर खाते कोणत्या बँकेत काढावे, हा प्रश्न आज महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, औद्योगिक वसाहतीतील चहाच्या टपरीवर आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत सर्रास विचारला जातो. विचारणारा बहुधा पंचविशीच्या आसपासचा असतो. त्याची नोकरी कंत्राटी असते किंवा तीही नसते. उत्तर देणाऱ्यांची मात्र वाण नाही. सरकारी बँक नको, ती उगाच चौकश्या करते, असे एक सांगतो. खासगी बँक नको, ती न सांगता खाते बंद करते, असे दुसरा बजावतो. शाखेत विचारूच नये, विचारले की संशय येतो, असा तिसऱ्याचा अनुभवसिद्ध सल्ला असतो. प्रश्न वरवर व्यवहारी वाटतो. परंतु तो विचारावा लागतो यातच या साऱ्या मायाबाजाराचे आणि त्याकडे अर्धोन्मीलित डोळ्यांनी पाहणाऱ्या राज्यसंस्थेचे मर्म सामावलेले आहे.

या चलनाचा जन्म कशातून झाला हे प्रथम आठवले पाहिजे. २००८ साली अमेरिकेतील मातब्बर वित्तसंस्था स्वतःच्या लोभाने कोसळल्या आणि त्यांना सावरण्यासाठी सरकारी तिजोऱ्या खुल्या झाल्या. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'सातोशी नाकामोतो' या टोपणनावाने एक टिपण प्रसिद्ध झाले. कोणत्याही मध्यस्थ वित्तसंस्थेवाचून एका माणसाने दुसऱ्याला थेट पैसा पाठवावा, ही त्यातली कल्पना होती. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या साखळीतील पहिली नोंद झाली, तेव्हा बँकांना दुसऱ्यांदा सावरण्याच्या तयारीविषयीचा लंडनच्या 'टाइम्स'मधील मथळा तिच्यात मुद्दाम गोवण्यात आला होता. बँकांवरील तो राग खरा होता आणि साधारही होता. समाजवादी चळवळीला तो परका वाटण्याचे कारण नाही.

परंतु दीड दशक उलटून गेल्यावर त्या रागाचे काय झाले? बँकेविना चालणारा पैसा घ्यायला निघालेल्या तरुणाचा पहिलाच प्रश्न बँकेचा असतो! जी वस्तू बँकांच्या जोखडातून मुक्ती देणार होती, ती बँकखात्याच्या क्रमांकावाचून, पॅन कार्डावाचून आणि आयएफएससी संकेतांकावाचून हाती पडत नाही. आणि हाती पडली तरी तिचे पुन्हा रुपये झाल्याखेरीज तिच्यातून घरभाडे भागत नाही की किराण्याची उधारी फिटत नाही. मुक्तीचा हा मार्ग बँकेच्या दारातून आत जातो आणि बँकेच्याच दारातून बाहेर येतो. मधल्या अंगणात काय चालते, त्याची जबाबदारी मात्र कोणीच घेत नाही.

रुपया कोठून येतो?

ॲपच्या पडद्यावर ग्राहकाला जो आकडा दिसतो, तो सामान्यतः त्या कंपनीच्या हिशेबवहीतला आकडा असतो. नाणी कंपनीच्या ताब्यातील तिजोरीत असतात आणि तिजोरीच्या किल्ल्याही कंपनीकडेच असतात. ज्याने 'मध्यस्थ नको' म्हणून हा रस्ता धरला, त्याने बँकेऐवजी दुसरा मध्यस्थ पत्करलेला असतो. फरक एवढाच, की बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे, ठेवीवर विमा आहे, शाखेच्या दारावर तक्रारीसाठी नाव आणि पत्ता आहे. या नव्या मध्यस्थाकडे त्यांपैकी काहीही नाही.

शेअर घेणाऱ्याचा कारखान्याच्या नफ्यावर निदान कागदोपत्री हक्क असतो. रोख्यावर व्याज मिळते. जमिनीत पीक येते. बिटकॉइनमधून असे काहीच निपजत नाही. त्याचा भाव वाढतो तो केवळ नंतर येणारा माणूस अधिक दाम मोजायला तयार होतो म्हणून. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या घरात पोहोचला होता. वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, तो १६ हजारांच्याही खाली आला. पुढे तो पुन्हा चढला, हे खरे. परंतु चढउताराच्या या पाळण्यात आधी बसलेला आणि मागाहून बसलेला यांचे नशीब एक नसते. पाळणा फिरता ठेवायचा तर नवा रुपया सतत आत यावा लागतो. आणि तो येतो पगाराच्या खात्यातून, शिष्यवृत्तीच्या खात्यातून, कांद्याच्या पट्टीतून आणि आईच्या बचतगटातून काढलेल्या कर्जातून.

गिरणगावाला हा हिशेब नवा नाही. मुंबईच्या मटक्याचा उगम न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर आकडा लावण्यात होता. १९६१ मध्ये ते भाव येणे बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. मागे कापूस आहे की नुसत्याच चिठ्ठ्या आहेत, याने खेळणाऱ्याला फरक पडला नाही आणि खेळवणाऱ्याला तर मुळीच नाही. गिरणी कामगाराच्या पगाराचा एक हिस्सा घरी पोहोचण्याआधी अड्ड्यावर अडत असे. आता पगार खात्यात जमा होतो आणि दोन बोटांच्या हालचालीने खात्यातूनच निघून जातो. आकडेवाल्याला पासबुक लागत नसे. या नव्या अड्ड्याला बँकेच्या प्रतिष्ठेची झूल लागते. 'खाते जोडले आहे, केवायसी झाले आहे, तेव्हा हे सरकारमान्यच असणार,' असा भोळा समज त्या झुलीमुळेच पसरतो.

कर हवा, जबाबदारी नको

हा समज दूर करण्याचे काम ज्या राज्यसंस्थेचे, तिने गेल्या काही वर्षांत काय केले याचा पट डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे चीड आल्यावाचून राहत नाही.

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून आभासी चलनाचा व्यवहार करणाऱ्यांना कोणतीही सेवा देऊ नये, असे बँकांना फर्मावले आणि चालू संबंध तोडण्यास तीन महिन्यांची मुदत दिली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. या व्यवहारांमुळे बँकांचे प्रत्यक्ष काही नुकसान झाल्याचे रिझर्व्ह बँकेला दाखवता आलेले नाही आणि संसदेनेही अशा व्यवहारांवर बंदी घातलेली नाही, तेव्हा एवढा कठोर उपाय प्रमाणाबाहेरचा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल लागून वर्ष लोटल्यावरही काही मोठ्या बँका रद्द परिपत्रकाचा हवाला देऊन ग्राहकांना इशारे धाडत होत्या. अखेर ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की, त्या परिपत्रकाचा दाखला देऊ नका. ग्राहकाची ओळख आणि अवैध पैशाला आळा यांविषयीचे नियम मात्र पाळत राहा. म्हणजे दार उघडे आहे असेही नाही आणि बंद आहे असेही नाही. निर्णय प्रत्येक बँकेच्या मर्जीवर सोडलेला!

सरकारच्या समितीने २०१९ मध्ये खासगी आभासी चलनांवर बंदीची शिफारस केली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये हिवाळी अधिवेशनाच्या कामकाजपत्रिकेत त्याविषयीच्या विधेयकाचे नाव झळकले. ते विधेयक सभागृहात मांडलेच गेले नाही. त्याऐवजी दोनच महिन्यांनी आलेल्या अर्थसंकल्पाने या व्यवहारातील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवला आणि जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का मुळातच कापून घेण्याची व्यवस्था केली. ज्या वस्तूचे कायद्याने धड नियमनही केलेले नाही, तिच्यातून वसुली सुरू झाली. कर बसवला म्हणजे मान्यता दिली असे समजू नये, हा खुलासाही त्याच दमात करण्यात आला.

या कराची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. एखाद्याला एका नाण्यात एक लाखाचा नफा झाला आणि दुसऱ्यात एक लाखाचा तोटा झाला, तर त्याच्या हाती काहीच उरले नाही, हे शाळकरी मुलालाही कळेल. सरकारला ते कळत नाही. नफ्यावर ३० हजार रुपये कर आणि त्यावर उपकर भरावाच लागतो. तोटा त्यातून वजा होत नाही आणि पुढल्या वर्षी ओढताही येत नाही. शेअर बाजारातील सटोडियाला तोट्याची वजावट मिळते आणि तो काही वर्षे पुढे ओढण्याची सवलतही मिळते. सट्ट्यावर कर असावा याविषयी समाजवाद्यांचे दुमत नाही. परंतु अड्ड्यावरून नाल गोळा करायची आणि अड्ड्यात कोणी लुबाडला गेला तर 'तो आमचा विषय नव्हे' म्हणायचे, ही करआकारणी नव्हे. ही अड्ड्यातली भागीदारी आहे.

दुटप्पीपणाचा कळस एप्रिल २०२२ मध्ये झाला. अमेरिकेतील कॉइनबेस या कंपनीने भारतात यूपीआयद्वारे खरेदीची सोय जाहीर केली. त्यावर, यूपीआय वापरणारी कोणतीही क्रिप्टो कंपनी आपल्याला ठाऊक नाही, असे यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने एका ओळीत सांगितले आणि काही दिवसांतच ती सोय बंद पडली. रिझर्व्ह बँकेच्या अनौपचारिक दबावामुळे असे घडल्याचे त्या कंपनीच्या प्रमुखाने पुढे सांगितले. लोकशाहीत बंदी घालायची तर कायद्याने घालावी आणि परवानगी द्यायची तर तीही कायद्याने द्यावी. दबक्या आवाजात चालणाऱ्या कारभारात बड्या कंपनीचा वकील तरून जातो. बुडतो तो खातेदार.

कायदा करणे सरकारला जमत नाही, असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने पाहता पाहता बंदी घातली आणि अशा खेळांचे पैसे पोहोचवण्यास बँकांना मनाई केली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बिटकॉइनच्या व्यवहाराची तुलना हवालाच्या सुधारित आवृत्तीशी करून, केंद्र सरकार नियमन का करत नाही, असा सवाल केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आभासी चलन ही मालमत्ता असल्याचे म्हटले. न्यायालये बोलत राहतात, कर खाते वसूल करत राहते, आणि खातेदाराच्या हक्कांविषयी संसद मात्र मौन पाळते.

गोठलेले खाते

या मौनाची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे तर सायबर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या खातेदाराकडे पाहावे.

२०१८ च्या परिपत्रकाने बँकांनी हात आखडता घेतला, तेव्हा कंपन्यांनी नवी शक्कल काढली. तिला 'पी-टू-पी' म्हणतात. या पद्धतीत रुपये कंपनीच्या खात्यात जातच नाहीत. विकणाऱ्याची नाणी कंपनी अडकवून ठेवते. घेणारा अनोळखी माणूस विकणाऱ्याच्या बँकखात्यात थेट पैसे टाकतो. पैसे पोहोचल्याचे विकणाऱ्याने कळवले की नाणी सुटतात. नामानिराळे राहण्याची ही सोय कंपनीला फार मानवली. तो अनोळखी माणूस कोण आणि त्याने पाठवलेले पैसे कोणाचे, हे मात्र विकणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

ते पैसे पुष्कळदा चोरीचे असतात. कोण्या निवृत्त शिक्षकाला 'डिजिटल अटके'ची भीती घालून लुबाडलेले, कोण्या गृहिणीकडून घरबसल्या कामाच्या आमिषाने उकळलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे थराथराने सरकत शेवटी टेदरसारख्या डॉलरशी बांधलेल्या नाण्यांत बदलले जातात आणि देशाबाहेर जातात. फसलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवतो. पैशाचा माग काढत यंत्रणा खात्यामागून खाती रोखत जाते. चोर तोवर नाणी घेऊन पसार झालेला असतो; साखळीच्या टोकाला सापडतो तो नाणी विकणारा, ज्याने आपले पॅन, आधार आणि खाते खऱ्या नावाने दिलेले असते.

मग त्याचे खाते गोठते. तक्रार परराज्यातल्या एखाद्या ठाण्यात नोंदलेली असते. शाखेत विचारले तर 'पोलिसांचे पत्र आहे' एवढेच उत्तर मिळते. वादातली रक्कम पाच हजारांची असली तरी कधी कधी अख्खे खाते अडकते आणि त्यात महिन्याचा पगार, घरकर्जाचा हप्ता, वडिलांच्या औषधाचे पैसेही अडकतात. बँकखाते ही 'मालमत्ता' असून पोलिसांना ते रोखता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्याच एका खटल्यात दिला. तो अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली होता. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये आला. गुन्ह्याचा तपास व्हायचा तर हा अधिकार हवा, यात शंका नाही. लुबाडल्या गेलेल्या शिक्षकाचे पैसे परत मिळाले पाहिजेत, हेही निर्विवाद. परंतु रोख वादातील रकमेपुरताच असावा, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच बजावले असताना, सबंध संसार का गोठावा?

याहून दारुण कथा भाड्याच्या खात्यांची आहे. चार-दोन हजार रुपयांच्या मोबदल्यात आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हवाली करणारे तरुण आता वस्त्यावस्त्यांत सापडतात. चोरीचा पैसा नाण्यांत बदलण्यापूर्वी अशाच खात्यांतून फिरवला जातो. रिझर्व्ह बँकेला डिसेंबर २०२४ मध्ये अशी खाती हुडकण्यासाठी खास संगणकीय साधन जाहीर करावे लागले, यावरून रोगाचा फैलाव लक्षात यावा. २०१४ मध्ये जनधन योजनेने गरिबाला खाते दिले, त्याचा गवगवाही झाला. पण त्या खात्यात जमा व्हावी अशी मजुरी दिली नाही. रिकाम्या खात्याला मग गिऱ्हाईक भेटले. गुन्हा दाखल होतो तो खाते देणाऱ्यावर. खाते भाड्याने घेणारा नामानिराळा.

तोट्याचे समाजीकरण

जो पी-टू-पीच्या वाटेला गेला नाही, ज्याने नावाजलेल्या कंपनीकडे शिस्तीत व्यवहार केला, तो तरी सुरक्षित राहिला काय? १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या कंपनीच्या तिजोरीतून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली. ग्राहकांच्या ठेवीचा हा थोडाथोडका नव्हे, चाळीस टक्क्यांहून मोठा भाग होता. चोरी उत्तर कोरियाशी संबंधित टोळ्यांची असल्याचे अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी जानेवारी २०२५ मध्ये संयुक्तपणे सांगितले. चोर कोठलाही असो. प्रश्न भरपाईचा होता.

कंपनीने प्रथम जो तोडगा पुढे केला, त्याचे नावच मासलेवाईक होते: 'तोट्याचे समाजीकरण'! प्रत्येक ग्राहकाला पंचावन्न टक्के मोकळे आणि पंचेचाळीस टक्के अडकवलेले. ज्याची नाणी चोरीस गेलीच नाहीत त्यानेही झळ सोसावी. समाजवादाचे शब्द भांडवलदारांना एरवी कडू लागतात. तोटा वाटायची वेळ आली की तेच गोड होतात. नफ्याच्या वर्षांत कोणत्याही ग्राहकाला या समाजीकरणाचा लाभ मिळाल्याचे ऐकिवात नाही.

पुढचा अध्याय अधिक बोधप्रद आहे. ग्राहक भारतातले, रुपये भारतीय बँकांतून गेलेले, कर भारत सरकारने घेतलेला. पण प्रकरण चालले सिंगापूरच्या न्यायालयात, कारण मूळ कंपनीची नोंदणी तेथली. तेथील मंजुरीनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत पंधरा महिने गेले. साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या ग्राहकाने सिंगापुरात वकील द्यावा, अशी अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

आणि जेथे कंपनीचे सोंगही नीट वठवलेले नव्हते, तेथील गोष्ट तर विचारूच नये. पुण्यात ज्या 'गेनबिटकॉइन' योजनेविरुद्ध गुन्हे नोंदले गेले, तिने दरमहा दहा टक्के परताव्याचे आश्वासन अठरा महिन्यांसाठी दिले होते. तिने लोकांकडून ६,६०० कोटी रुपये मोलाची नाणी गोळा केल्याचे अंमलबजावणी संचालनालयाचे म्हणणे आहे. तपासात पोलिसांना साहाय्य करण्यास घेतलेल्या दोघा तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक करण्याची पाळी पुणे पोलिसांवर आली. कुंपणानेच शेत खाल्ल्याचे याहून ठळक उदाहरण कोणते?

बँकांचा कैवार नव्हे

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप ठरलेला आहे. बँका तरी कुठे धुतल्या तांदळाच्या आहेत? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. बड्या कर्जबुडव्यांना सवलत आणि किमान शिल्लक नाही म्हणून गरिबाला दंड, ही तर रोजची रीत. मग लोकांनी दुसरा मार्ग का शोधू नये?

आक्षेपातील तथ्य मान्य केलेच पाहिजे. किंबहुना बँकव्यवस्थेवरील अविश्वास ही या सट्ट्याची खरी भांडवली रक्कम आहे. परंतु सहकारी बँक बुडाली तेव्हा खातेदार रस्त्यावर उतरले, निदर्शने झाली, प्रश्न संसदेत गाजला. पुढे ठेवीवरील विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली आणि २०२१ मध्ये ती रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद कायद्यात आली. बँक ही लोकांच्या दबावाखाली आणता येणारी संस्था आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ठेव कोणाची आणि कर्ज कोणाला, हा प्रश्न मूठभर घराण्यांच्या दिवाणखान्यातून देशाच्या चव्हाट्यावर आला. त्या आशयाची पुढे कशी माती झाली, हा स्वतंत्र विषय आहे. परंतु लढाईचे मैदान तरी शिल्लक आहे. ॲपच्या पडद्यापुढे घोषणा देता येत नाहीत. बँक वाईट चालते म्हणून बँक सोडून सट्ट्याकडे जाणे म्हणजे रेशन दुकानात धान्य कमी मापतात म्हणून सावकाराच्या वखारीकडे वळण्यासारखे आहे.

कार्यकर्त्यांचे काम

'या भानगडीत पडू नका' एवढे बजावून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. ज्याला उद्याच्या नोकरीची खात्री नाही, त्याला दहा वर्षांच्या मुदतठेवीचे महत्त्व पटवणे हास्यास्पद ठरते. तो विचारतो तो प्रश्न खरा आहे आणि त्याला खरे उत्तर दिले पाहिजे.

ते उत्तर असे: पगार, पेन्शन, शिष्यवृत्ती, पीकविमा किंवा कर्जाचा हप्ता ज्या खात्यात आहे, ते खाते या व्यवहाराला कधीही जोडू नये. करायचेच तर वेगळ्या बँकेत, स्वतःच्याच नावाने, वेगळे बचत खाते असावे आणि बुडाले तरी चूल विझणार नाही एवढीच रक्कम त्यात असावी. याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. बँकेचे धोरण काय, हे शाखेला लेखी विचारावे. तोंडी उत्तराला अर्थ नाही. अनोळखी माणसाकडून थेट खात्यात पैसे घेण्याचा पी-टू-पीचा मार्ग पूर्ण वर्ज्य समजावा. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर नाणी घेऊ नयेत. कापलेल्या कराची आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद जपून ठेवावी. खाते, कार्ड आणि सिम कोणालाही, जिवलग मित्रालाही, वापरायला देऊ नये. खाते गोठलेच तर तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाणे आणि वादातील रक्कम यांची माहिती बँकेकडे लेखी मागावी. ती न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि रोख उठवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. वस्तीतील वाचनालयात किंवा युनियनच्या कार्यालयात असे अर्ज लिहून देणारा एक कार्यकर्ता बसला, तरी पुष्कळांचे अश्रू पुसले जातील.

परंतु खाते निवडण्याची हुशारी ही व्यक्तीची ढाल आहे. समाजाचा तोडगा नव्हे. मागणी राज्यसंस्थेकडेच केली पाहिजे. आभासी चलनाविषयी संसदेने स्पष्ट कायदा करावा. बंदी घालायची तर उघडपणे घालावी, परवानगी द्यायची तर अटींसह द्यावी. भारतीय ग्राहकाचा पैसा घेणारी कंपनी भारतीय न्यायालयाच्या कक्षेत असली पाहिजे, ग्राहकांची नाणी तिच्या स्वतःच्या मालमत्तेपासून कायद्याने वेगळी राहिली पाहिजेत, आणि चोरी झाल्यास पहिला तोटा मालकांच्या भांडवलाने सोसला पाहिजे. मार्च २०२३ पासून या कंपन्यांना अवैध पैशाविरुद्धच्या कायद्याखाली आणले आहे; ग्राहकाची माहिती सरकारला पुरवण्याचे बंधन त्यांच्यावर आले, ग्राहकाला उत्तर देण्याचे बंधन मात्र आले नाही. ते आले पाहिजे. प्रत्येक बँकेने आपले धोरण लेखी जाहीर करून शाखेत लावावे. खात्यावरील रोख वादातील रकमेपुरता, कारणासह, ठरावीक मुदतीसाठी असावा, आणि हा खातेदाराचा हक्क परिपत्रकाच्या कृपेवर न ठेवता कायद्यात लिहावा. या सट्ट्यातून जमणाऱ्या कराचा काही भाग सायबर लुटीला बळी पडलेल्यांच्या भरपाईसाठी राखून ठेवावा.

या मागण्यांत क्रांतिकारक असे काही नाही. नाल घेणाऱ्याने अड्ड्याची जबाबदारीही घ्यावी, एवढेच त्यांचे सार आहे. यापलीकडचे काम मोठे आहे. कष्टाच्या मिळकतीवर माणसाचे जीवन सन्मानाने भागत असते, तर आकड्यावर जीव टांगणारे इतके हात पुढे आलेच नसते. कायम नोकरी, पिकाला भाव आणि म्हातारपणाला पेन्शन या मागण्या जुन्या झाल्या म्हणून ज्यांनी गुंडाळून ठेवल्या, त्यांना आता नव्या पिढीच्या हातातल्या पडद्यावर त्यांची पोकळी दिसत असेल. ती भरून काढणारी चळवळ उभी राहिली नाही, तर कोणत्या बँकेत खाते काढावे, हा प्रश्न उद्याही विचारला जाईल, आणि खरे उत्तर त्या तरुणाला मिळेल ते खाते गोठल्यानंतर.